तुम्ही विचारलंत म्हणून : एका ससाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

पक्ष्यांबद्दल बोलायला कुठेही गेलो की मी मॉरिशसच्या केस्ट्रेलवर, म्हणजे तिथल्या छोट्या ससाण्यावर, येतोच. मग कुणीतरी विचारतंच, "पाव किलोच्या एका पक्ष्यासाठी एवढी वर्षं, एवढा पैसा कशाला? टिकायचं ते निसर्ग टिकवेल की!"

पण निसर्गाने त्याला संपवायला घेतलंच नव्हतं. हा छोटा ससाणा दाट जंगलातला. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा केस्ट्रेल माळावर हवेत एकाच जागी फडफडत थांबतो. मॉरिशसच्या केस्ट्रेलचे पंख आखूड, गोलसर, फांद्यांमधून झपकन वळता यावं असे. खाणं मुख्यतः झाडांवरच्या हिरव्यागार पाली. ते जंगल उसासाठी तुटलं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेली आपली माणसंही तिथल्या मळ्यांत राबली, म्हणून मला ही गोष्ट परकी वाटत नाही. पुढे मलेरिया हटवायला डीडीटी हे कीटकनाशक फवारलं, ते भक्ष्यातून ससाण्याच्या अंगात उतरलं. माकडं आणि उंदीर बाहेरूनच आलेले. उंदीर मारायला मुंगसं नेली तीही भारतातली. या सगळ्यांनी घरटी लुटली. कोंबड्या पळवतो म्हणून लोकांनी गोळ्याही घातल्या. १९७४ साली रानात माहीत असलेले पक्षी चारच उरले होते.

त्याच हंगामात एका जोडीने झाडाची ढोली सोडून उभ्या कड्यातल्या कपारीत अंडी घातली. तिथे माकडं पोचली नाहीत. तीन पिल्लं उडाली.

१९७९ मध्ये वेल्सचा तरुण जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स तिथे गेला. या पक्ष्याला वाचवायचा प्रकल्प गुंडाळायची तयारी चालली होती; हा पक्षी सोडून द्या, असं जाणकारही म्हणत. जोन्सने उलट केलं. कड्यावरच्या घरट्यातली पहिली अंडी काढून उबवणयंत्रात ठेवायची, की मादी पुन्हा अंडी घालते. रानातल्या जोड्यांना वरचं खाणं द्यायचं, पिल्लं हाताने वाढवून जंगलात सोडायची, घरट्यांसाठी खोकी टांगायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तीनशेहून अधिक पक्षी सोडले गेले. पुढे माणसाच्या हातची पैदास थांबवता आली, कारण रानात ते स्वतःच वाढू लागले होते. ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत आणि पूर्वेच्या बांबू डोंगरांत ते पुन्हा दिसू लागले. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती रोजची मेहनत : दोर बांधून कड्यावर चढणं, पिल्लांना वेळेवर भरवणं.

खर्च वाया गेला का, हेही विचारता. २०१४ मध्ये धोक्यातल्या प्राण्या-पक्ष्यांच्या जागतिक यादीत हा पक्षी पुन्हा 'संकटग्रस्त' गटात गेला, कारण चांगलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय आणि उरलेल्यात परदेशी पेरूची झुडपं माजलीत. २०२२ मध्ये तो मॉरिशसचा राष्ट्रीय पक्षी झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पेरू उपटून तिथे काळ्या, कठीण लाकडाच्या एबनीसारखी मूळ झाडं लावणारे हात अजून हवेत, त्यांचा पगारही हवा. तुम्ही विचारता तो पैसा आज तिथे लागतो.