तुम्ही विचारलंत म्हणून: संमोहनानं तंबाखू सुटते का?

"संमोहनानं तंबाखू सुटली म्हणे तुमची, खरंय का?" दर लग्नात कुणीतरी कोपऱ्यात घेऊन हे विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या गालात बहुतेक वेळा बार असतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

बावीस वर्षं खात होतो. डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखानं चुना, अंगठ्यानं मळायची, दोन टाळ्या मारून धूळ उडवायची आणि ओठात दाबायची. दिवसाला अकरा-बारा बार. सकाळचा पहिला लावल्याशिवाय पोटच साफ व्हायचं नाही (हसू नका, खाणाऱ्यांना माहितीय), आणि तो काही मनाचा खेळ नाही, निकोटिननं आतडी हलतातच. तीनदा सोडली, तिन्ही वेळा तिसऱ्या दिवशी परत पुडी. पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात वाईट असतात हे मला फार उशिरा कळलं, म्हणजे दरवेळी मी अख्खा घाट चढून माथ्यावरून माघारी फिरत होतो.

मग दाताच्या डॉक्टरनी गालात पांढरा चट्टा दाखवला. तपासणीत वाईट काही निघालं नाही पण टरकली, आणि मेव्हण्याच्या सांगण्यावरून संमोहनवाल्याकडे गेलो. वाटलं लंबक हलवतील, झोपवतील, उठलो की काम फत्ते. कसलं काय, पहिल्या दिवशी डोळेसुद्धा मिटायला लावले नाहीत, म्हणाले आठवडाभर प्रत्येक बाराआधी काय झालं ते लिहून आणा. लिहिलं तर काय, अकरातले सात-आठ तलफेचे नव्हतेच! चहा संपला, मशीन बंद पडलं, फोन लांबला, कुणी तळवा पुढे केला, की माझा हात आपोआप खिशात.

दुसऱ्या वेळी डोळे मिटून, श्वास मोजत, मनातल्या मनात जिना उतरायचा. झोप-बिप काही लागली नाही, बाहेर कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्यापण मी मोजल्या, तीन. त्या सैल अवस्थेत ते हळू आवाजात एवढंच परत परत सांगत होते की हात खिशाकडे निघाला की तुम्हाला तो दिसेल. आणि खरंच दिसायला लागला हो! तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायला ते बास होतं.

पण सगळं श्रेय संमोहनाला देणार नाही. सोबत डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगगम दिलं होतं, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं, तर ते आपल्याला शिकवायला लागतं होय? सिगारेटसाठी संमोहन बाकी उपायांपेक्षा सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा 2019 च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन म्हणजे जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) मिळाला नव्हता. म्हणून एका बैठकीत कायमची सोडवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि दारूचं तर पूर्ण वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं, तिथे आधी डॉक्टर. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय. तंबाखूवाल्यांसाठी सरकारी फुकट नंबर आहे, 1800-11-2356.

चार वर्षं झाली. परवा भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तर माझा अंगठा डाव्या तळव्यावर फिरायला लागलेला, मला पत्ताच नाही. बायकोनं काही न बोलता तळव्यात अक्षता ठेवल्या.