विसरलो की लपवलं?

वसई पट्ट्यात घरोघरी जाऊन रुग्णसेवा करते, त्याला बारा वर्षं झाली. २०२३ साली निर्मळच्या बाजूला एका घरी पंच्याऐंशीचे बाबा होते. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, तीन उशांना टेकून बसल्या बसल्याच डोळा लागायचा. त्या आठवड्यात तोही लागेना. झोपेची गोळी वाढवायची का, म्हणून सून विचारत होती, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं.

"सिस्टर, १९६१ला लग्नाच्या आदल्या दिवशी कुमसाराला गेलेलो. एक गोष्ट सांगायची राहिली. विसरलो की लाजेने लपवली, तेच आता आठवत नाही."

कुमसार म्हणजे पापनिवेदन, फादरांपुढे पापं सांगून क्षमा मागणं. मी कॅथलिक घरातली, त्यामुळे हा फरक मला लगेच कळला. विसरलेल्या पापाची बाकीच्यांबरोबर क्षमा होते. आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं, एवढंच. पण गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं, तर ते पापनिवेदनच फुकट जातं. आणि तसं पाप माथ्यावर असताना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेणं हेही पापच. म्हणजे त्यानंतर घेतलेला प्रत्येक ख्रिस्तप्रसाद बाबा रात्र रात्र मोजत होते. याला गोळी काय करणार? डॉक्टरांना कळवलं, पण त्याआधी सुनेला फादरांना फोन लावायला सांगितला.

फादर आले, स्टूल ओढून अगदी खाटेला गुडघे लावून बसले. आम्ही अजून खोलीतच होतो. त्यांनी येशूसंघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसची गोष्ट सांगितली. १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसात हा माणूस जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगत राहिला, जीव द्यावासा वाटेपर्यंत. मागचं परत सांगायचं नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे सुटला.

"नक्की लपवलं हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर तेव्हापासूनची पापनिवेदनं परत करायची सक्ती नाही, बाबा. पण ती राहिलेली गोष्ट टोचतेय ना? मग आज एकदाच सांगा. नंतर उकरायचं नाही."

"तेव्हाच्या फादरांनी लॅटिनमधून क्षमा दिलेली. मला अक्षर कळलं नव्हतं."

"तुम्हाला कळलं नाही म्हणून क्षमा अडत नाही."

मग फादरांनी गळ्यात जांभळा पट्टा घातला आणि आम्ही दोघी बाहेर ओट्यावर आलो. दार लागलं. समोर केळीच्या वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं होतं. सून पदराचं टोक पिळत होती, काय असेल हे तिने विचारलं नाही आणि मीही नाही. फादर तर ते मरेपर्यंत कोणाला सांगणार नाहीत. दार उघडलं, तेव्हा बाबांचे डोळे ओले होते.

त्या रात्री मी तिथेच थांबले. बाबा दोन तास शांत झोपले. दीडच्या सुमाराला जागे झाले.

"सिस्टर, मी सांगितलं ना ते? की परत राहिलं?"

माझ्या पोटात तुटलं. मी तर काहीच ऐकलं नव्हतं.

"मी ओट्यावर होते, बाबा. पण फादर काय म्हणाले, ते ऐकलंय मी. उकरायचं नाही."

बराच वेळ ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती मधली उशी जरा वर कर."