आमची वाटचाल: उंचीपट्टी आणि सरावाची वही

मी फिजिओथेरपिस्ट. खेळाडूंच्या दुखापतींसाठी क्लिनिक काढलं तेव्हा मोठी माणसं येतील असा अंदाज होता. आली ती शाळकरी मुलं. कुणाचं गुडघ्याखालचं हाड दुखरं, कुणाची टाच टेकवत नाही, फास्ट बोलिंग करणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार ताणाने पडलेली बारीक भेग. पडून-झडून झालेलं त्यात थोडं. बाकी अतिसरावाचं, आणि बहुतेक वेळा उंची झपाट्याने वाढत असतानाचं.

हा काळ मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलग्यांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. हाडं भराभर लांबतात, स्नायूंवर ताण येतो, आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या वाढपट्ट्या तेव्हा नाजूक असतात. शिवाय एकाच वयाच्या दोन मुलांत हे वेळापत्रक दोन-तीन वर्षांनी मागेपुढे असू शकतं. नुसती जन्मतारीख पाहून सराव ठरवणं म्हणजे अंदाजपंचे काम. म्हणून उपचारांपलीकडची आमची पहिली सेवा अगदी साधी होती: दर तीन महिन्यांनी उभ्याने आणि बसून उंची मोजायची, आलेख ठेवायचा, वाढीचा वेग चढला की कोचला कळवायचं. उड्या आणि चेंडूंची संख्या काही काळ उतरवा, तंत्र आणि तोल यांवर भर द्या. भांडवल म्हणाल तर भिंतीवरची उंचीपट्टी आणि एक स्टूल.

खरं काम वाढलं ते सरावाच्या वहीमुळे. शाळेचा संघ, क्लब, वर खासगी कोच. प्रत्येक जण आपापल्या तासाचा हिशेब चोख ठेवतो, बेरीज मात्र कुणीच करत नाही. ती आम्ही करायला लागलो. एक ढोबळ नियम आम्ही पाळतो: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सुचवलं होतं की आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत, मुलाने आपल्या मुख्य खेळापासून सुटी घ्यावी. वहीतली बेरीज समोर ठेवली की पालक गप्प होतात. सुटीचं म्हटलं की मात्र पुन्हा बोलायला लागतात!

हा माल विकायला कठीण, हे मान्य करायला हवं. न झालेली दुखापत दाखवता येत नाही, आणि पालकांना तीन महिन्यांत फरक हवा असतो. सुरुवातीला क्लिनिकनेच घर चालवलं. पुढे आधार दिला तो स्ट्रेंथ ट्रेनिंगने. वजन उचललं की उंची खुंटते, ही भीती घराघरांत आहे. पण देखरेखीखाली, नीट शिकवून केलेल्या व्यायामाने तसं होत असल्याचा पुरावा नाही. आज निम्म्याहून अधिक उत्पन्न या वर्गांतून येतं.

एका ॲकॅडमीचं मोठं काम हातचं गेलं. मुलांचे वाढीचे आलेख निवड समितीला द्या, अशी त्यांची अट होती. आम्ही म्हटलं, माहिती मुलाची आणि पालकांची. हवी तर त्यांच्याकडून घ्या. ते वर्ष तंगीत गेलं. आता माहिती मुलाची आणि पालकांचीच, हे कलम करारात आम्हीच आधी टाकतो.

अलीकडे एका महिला सहकारी फिजिओला भागीदार केलं. पाळी थांबली तर ते कसून सराव करत असल्याचं लक्षण नव्हे, बहुधा सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय, याबद्दल मुली तिच्याशी मोकळेपणाने बोलतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून या ऊर्जेच्या तुटीला नाव दिलं आहे, आणि ती मुलग्यांतही दिसते.

‘टॅलेंट टेस्ट’ची विचारणा सतत होते. बारा वर्षांच्या मुलाची धावण्याची वेळ बरीचशी तो किती लवकर वयात आला हे सांगते, पुढे काय होईल हे फारसं नाही. म्हणून आमच्या फीच्या तक्त्यात ती नाही. विचारणाऱ्याला आम्ही उंची मोजून देतो, बिल फक्त त्याचं.