तुलांबेनची ‘लिबर्टी’: बुडालेलं जहाज बघायला जाणाऱ्या मुंबईकरांसाठी

बालीत एकच स्कूबा डाइव्ह करायची असेल तर ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेन गावी करा, आणि तिथे मुक्कामालाच जा. दक्षिणेकडच्या कुटा-सेमिन्याकच्या हॉटेलातून पहाटे गाडीत बसायचं, तीन तास प्रवास, दोन डाइव्ह आणि संध्याकाळी परत, ही सहल तिथे सर्रास विकली जाते. पण या सगळ्या गाड्या नऊ-दहाच्या सुमारास एकदमच पोचतात. मग जहाजापाशी माशांपेक्षा माणसांचेच पाय जास्त दिसतात. आमचा पार्ला-ठाण्याचा ग्रुप दिवाळीच्या सुट्टीत गेला होता. किनाऱ्याला लागूनच खोल्या घेतल्या होत्या, त्यामुळे सकाळी सहाला पाण्यात उतरता आलं.

जहाजाचं नाव ‘लिबर्टी’. दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेल्या ‘लिबर्टी शिप’शी याचा संबंध नाही. हे त्याआधीचं, १९१८ साली न्यू जर्सीत बांधलेलं अमेरिकी मालवाहू जहाज. ऑस्ट्रेलियाहून रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन फिलिपीन्सकडे निघालं होतं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. एक अमेरिकी आणि एक डच विनाशिका त्याला ओढत सिंगाराजा बंदराकडे नेत होत्या, पण पाणी फार भरलं. निदान माल तरी वाचावा म्हणून जहाज तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते २१ वर्षं पडून होतं. १९६३ साली मागचा आगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्या हादऱ्यांनी ते घसरून पुन्हा समुद्रात गेलं.

यात आपला फायदा असा की जहाज किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवरच आहे. चालत पाण्यात शिरायचं. बोटीचं भाडं नाही आणि ज्यांना बोट लागते त्यांनाही काळजी नाही. साधारण १२० मीटर लांबीचं हे धूड एका कुशीवर पडलंय. त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर आहे आणि सर्वात खोल भाग तीसच्या आतबाहेर.

‘बुडालेली बोट बघायला पैसे भरून जायचं?’ असं घरच्यांनी विचारलंच. आमची आजी अलिबागकडची. तिच्यासाठी बुडालेली बोट म्हणजे १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं घेऊन गेलेली. तिला काय समजावणार? आपल्या बंदराच्या तळाशीही जहाजं आहेतच, पण त्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसायची मारामार. म्हणून मुंबईत शिकायचं म्हणजे थिअरी आणि तरणतलाव. समुद्रातल्या डाइव्हसाठी मालवण, गोवा किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी.

तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून पंधरा मिनिटं केलेलं ‘स्कूबा’ म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. सर्टिफिकेट नसेल तरी तुलांबेनला इन्स्ट्रक्टरबरोबर १२ मीटरपर्यंत जाता येतं, आणि जहाजाचा बराच वरचा भाग तेवढ्यातही दिसतो. ‘ओपन वॉटर’ हे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट असेल तर १८ मीटर. फक्त या जहाजासाठी त्यापुढचं, आणखी खोल जाऊ देणारं ‘अॅडव्हान्स्ड’ करायला निघू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तीस मीटरवर चौपट. म्हणजे तीच हवेची टाकी तीस मीटरवर दहा मीटरच्या मानाने अर्ध्या वेळात संपते. आमच्यातले जे तळ गाठायला गेले ते लवकर वर आले. आम्ही आठ-बारा मीटरवर रेंगाळलो आणि तासभर बघत बसलो.

पहाटेची डाइव्ह कशासाठी, तर कपाळावर टेंगूळ असलेल्या मोठ्या पोपटमाशांसाठी. इंग्रजीत बंपहेड. रात्री ते जहाजात झोपतात आणि उजाडता उजाडता बाहेर पडतात. पूर्ण वाढलेला मासा मीटरभराहून लांब असतो. आम्ही पोचलो तेव्हा कळप लोखंडी फासळ्यांमधून सावकाश निघत होता. त्यातल्या एकाने जाता जाता प्रवाळाचा घास घेतला. कडकन तुटल्याचा आवाज पाण्यात स्वच्छ ऐकू आला, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या एकाच्या मागून पांढऱ्या वाळूचा लोट सुटला. टॉर्च त्यांच्या तोंडावर मारू नका आणि पाठलाग करू नका. बाजूला थांबलात तर ते अगदी जवळून जातात. उताराच्या काळ्या वाळूत गार्डन ईल, म्हणजे सापासारखे बारीक मासे, डोकी वर काढून डोलत असतात. जवळ गेलं की सगळे एकदम बिळात.

पाण्यात शिरणं मात्र सोपं नाही. किनारा वाळूचा नाही, गोल गुळगुळीत धोंड्यांचा आहे आणि लाटेबरोबर ते पायाखालून सरकतात. जाड तळव्याचे बूट घ्याच. फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) हातात धरा, छातीभर पाण्यात गेल्यावर घाला. टाक्या वाहायला गावातल्या बायका असतात, भरलेल्या टाक्या डोक्यावर घेऊन त्या याच धोंड्यांवरून चपला घालून झपाझप जातात. त्यांची मजुरी डाइव्हच्या पैशांत धरली आहे का ते आधी विचारा. नसेल तर सुट्टे रुपिया जवळ ठेवा.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क इथूनच करून न्या. जहाजाला हात लावू नका. गंजलेला पत्रा कापतो, आणि दगडासारखे दिसणारे विषारी स्कॉर्पियनफिश तिथे आहेत. दम्याचा, कानाच्या ऑपरेशनचा इतिहास असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती मुंबईतच घ्या, किनाऱ्यावर फॉर्म भरताना कळून उपयोग नाही. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा धरलंय का, किती मीटरपर्यंत, हे वाचून घ्या.

शाकाहारी मंडळींनी ‘तेरासी’ आहे का ते विचारावं. ही आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट सांबाल या तिथल्या तिखट चटणीत सर्रास असते. आम्ही टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि भातावर मजेत राहिलो.

हवामान म्हणाल तर एप्रिल ते नोव्हेंबर चांगलं, म्हणजे आपली मे आणि दिवाळी दोन्ही सुट्ट्या जमतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गार असतं, जाड सूट मागा. व्हिसा विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपिया. शिवाय २०२४ पासून बालीचा पर्यटन कर दीड लाख रुपिया, तो ऑनलाइन आधीच भरता येतो.

परतीचं नियोजन सर्वात आधी करा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानापूर्वी किमान १८ तास हवेत. आणि विमान नसलं म्हणून ड्रायव्हर ‘वाटेत किंतामणी दाखवतो’ म्हणाला तर त्याच दिवशी हो म्हणू नका. ते जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवर आहे, आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत तिथे चढणं विमानात बसण्यासारखंच. मालवणहून डाइव्ह करून लगेच आंबोली घाट चढणाऱ्यांनाही हेच लागू. तुलांबेनहून अम्लापुरामार्गे खाली या. वाटेत तीर्ता गंगाचे कुंड आहेत, दुपार तिथे काढता येते.