पाच वाजताची खारी

दिवाळीनंतर तपासणी केली तेव्हा माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 6.3 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 झाली की घरात. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. चाला, भात कमी करा, म्हणाले; आणि मी उठता उठता, "मूठभर बदाम-अक्रोड खात जा." मूठ कुणाची, ते सांगितलं नाही. मी मुद्रितशोधक, अशी मोघम वाक्यं मला एरवी खुपतात. पण इथे मूठ माझी होती आणि चांगली मोठी होती, म्हणून गप्प बसलो.

रविवार पेठेतून बदाम आणले, अक्रोड आणले. दुकानदार म्हणाला, "काका, सुका मेवाच खायचाय ना?" आणि मनुका-अंजीरही बांधून दिले. आपल्या 'सुका मेवा' या शब्दात सगळंच मावतं, तिथे घोळ होतो. 100 ग्रॅम मनुकांत साठेक ग्रॅम साखर असते, हे नंतर कळलं. तोवर निम्म्या संपल्या होत्या.

मग डबा टेबलावर आला. प्रुफं वाचताना हात आपोआप जायचा. चहा चालूच, पाच वाजताची खारी चालूच, वर बदाम. दोन महिन्यांत वजन दोन किलोंनी वाढलं. बायकोने एकच विचारलं, "अहो, खारीऐवजी खायचे होते की खारीबरोबर?"

तिने वजनकाटा काढून माझी मूठ मोजली: 46 ग्रॅम. साधारण माप आहे 28 ग्रॅम, म्हणजे तेवीसेक बदाम, आणि तेवढ्यात 160 च्या आसपास कॅलरी. बदाम औषधासारखे वरून घ्यायचे नसतात, कशाच्या तरी जागी यायचे असतात. आमच्याकडे खारीची जागा गेली. मैदा आणि वनस्पती तूप, तसा शोक करण्याजोगा ऐवज नव्हता. पण चहात बुडवायला बदाम उपयोगाचा नाही, ही तक्रार अजून आहे.

बदामात पिष्ट कमी. स्निग्धांश, प्रथिनं आणि तंतू जास्त. त्यामुळे पोटातलं अन्न सावकाश पुढे सरकतं आणि साखर एकदम उसळत नाही. घरच्या ग्लुकोमीटरवर बघितलं. नुसते पोहे खाऊन दोन तासांनी 176. पुढच्या शनिवारी तेवढेच पोहे, पण अर्धा तास आधी दहा बदाम, तर 158. दोन शनिवारांवर शास्त्र उभं राहत नाही, आदल्या रात्रीची झोपही वेगळी असेल. पण बायकोला आकडा दाखवायला बरा होता.

आई बदाम भिजवून सोलून द्यायची. मी आता सालीसकट खातो, तंतू सालीतही असतात. महिनाअखेरीला खिसा बघून भाजलेले दाणे, बिनमिठाचे, कारण रक्तदाबाची गोळी आधीच चालू आहे. शेंगदाणा खरं तर कडधान्यांच्या कुळातला, पण इथे बदामाच्या पंगतीला बसतो. साबुदाण्याच्या खिचडीतलं कूट मात्र त्यात धरायचं नाही. मी धरून पाहिलं होतं.

चैत्रात पुन्हा तपासलं, 5.9. मधल्या काळात रोज तळजाई टेकडीवर चालणंही सुरू झालं होतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं यावर घरात एकमत नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "छान, असंच चालू ठेवा." 'असंच' म्हणजे नेमकं काय, हे या वेळी मी विचारलं. ते हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.