रक्ताच्या गोळ्या

काकांच्या पहिल्या तपासणीचे फोटो अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मराठवाड्यातून आले होते, साठी ओलांडलेले. हिमोग्लोबिन ६.४, दोन बाटल्या रक्त चढवलेलं. वरून दुर्बीण घातली, खालून घातली, रक्त कुठून जातंय ते सापडेना. राहिलं लहान आतडं. साधारण सहा मीटरचं, आणि नेहमीची दुर्बीण तिथे पोचत नाही. म्हणून कॅप्सूल ठरली. २६ मिलिमीटरचा कॅमेरा पाण्याबरोबर गिळायचा. तो सेकंदाला दोन फोटो काढत खाली सरकतो, आठ तासांत पन्नास हजारांवर. कॅप्सूल एकदाच वापरता येते आणि महाग असते.

तयारी मी समजावते. आदल्या दिवशी फक्त पातळ, संध्याकाळी दोन लिटर पेगचं, म्हणजे पोट साफ करणाऱ्या औषधाचं पाणी, रात्रीपासून उपाशी. आयर्नच्या, म्हणजे लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, नाहीतर आतडं आतून काळं दिसतं. सगळं छापील कागदावर असतं. सकाळी मी विचारलं, "आयर्न बंद केलंत ना?" काकांनी मान डोलावली. मी टिक केली.

वरचा भाग सुंदर दिसला, गुलाबी, मखमलीसारखा. तिथून खाली नुसती काजळी. भिंतीला डांबरासारखी चिकटलेली, दोन लिटर पाण्यानंही न सुटलेली. डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आयर्नच्या गोळ्यांचं पुन्हा विचारलं, तेव्हा काकांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढलं. "ह्या व्हय? ह्या तर रक्ताच्या गोळ्या हायेत, सिस्टर. रक्त कमी म्हून तर आलोय, ह्या कशा सोडू?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कागद चुकला होता, आणि मी. रक्ताच्या गोळ्या हा शब्द माझी आईही वापरते. 'पेशंट सूचना पाळत नाहीत' हे वाक्य आमच्याकडे फार सहज निघतं, त्याचा मला संताप येतो.

दहा दिवसांनी पुन्हा कॅप्सूल दिली. या वेळी मुलाला फोन करून घरातलं प्रत्येक पाकीट वाचून घेतलं. आतड्याच्या शेवटच्या भागात एक लाल ठिपका दिसला, फक्त तीन फोटोंत. म्हणजे दीड सेकंद. मग डबल बलून एन्टेरोस्कोपी केली. दोन फुगे आलटून पालटून फुगवत, आतडं नळीवर बाहीसारखं गोळा करत डॉक्टर खालून तिथवर गेले आणि तो ठिपका जाळला.

छापील कागद अजून तोच आहे. प्रत्येकावर मी पेनानं लिहिते: 'रक्ताच्या, ताकदीच्या, शी काळी करणाऱ्या गोळ्या बंद.' पहिल्या कॅप्सूलचे पैसे काकांना परत मिळावेत म्हणून अर्जही दिलाय. उत्तर आलेलं नाही.