होडीची चुंबळ

आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात पिकअप म्हटली की तिच्यात केळीच असणार, हे इतके गृहीत आहे की गेल्या हिवाळ्यात तिच्यावर दोन कयाक, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होड्या, पालथ्या बांधून मी निघालो, तेव्हा फाट्यावरच्या चहावाल्याने "भाऊ, ह्या टाक्या कोणाच्या गच्चीवर बसवायच्या?" असे अगदी मनापासून विचारले. मला जायचे होते चांगदेवला. तेथे पूर्णा तापीला मिळते आणि हतनूर धरणाच्या फुगवट्याचे पाणी थंडीत इतके संथ असते की वल्ह्याचा आवाजही आगाऊपणाचा वाटतो.

कयाक निवडायला मला एक दुपार पुरली होती. तिला वाहून नेणारे कॅरिअर ठरवायला मात्र दोन महिने लागले. साडेदहा फूट लांबीची आणि पंचवीस किलो वजनाची ही प्लॅस्टिकची होडी हौद्यात तिरकी टाकावी तर एक टोक फाळक्याबाहेर लोंबते आणि दुसरी होडी ठेवायला जागाच उरत नाही. शिवाय प्रमाणाबाहेर माल बाहेर काढल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार रुपये दंड आहे, म्हणजे केळीचा चांगला भाव मिळाला तरी जिवावर येणारी रक्कम.

कॅबिनच्या छतावर बसवायचे तयार कॅरिअर मी आधी पाहिले. मोटारीच्या लांब छताला ते ठीक. आमच्या पिकअपचे छत जेमतेम चार फुटांचे. दोन आडव्या दांड्यांमध्ये होडीच्या निम्म्या लांबीएवढे अंतर असावे, तर येथे अडीच फुटांपलीकडे जाता येत नव्हते, आणि एवढ्या आखूड आधारावर लांब होडी तराजूच्या दांडीसारखी डुलत राहते. छताला किती वजन पेलते याचा जो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते, हेही मला तेव्हाच कळले. मग मी एक शक्कल काढली: एक दांडी कॅबिनवर आणि दुसरी हौद्याच्या मागच्या टोकाला.

वेल्डिंगवाल्या दादांनी ती एका वाक्यात निकालात काढली. "नाना, कॅबिन अन् हौदा दोन वेगळे भाऊ आहेत, एका चुलीवर जेवत नाहीत." दोन्ही चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, स्वतंत्रपणे बसवलेले असतात आणि चाक खड्ड्यात गेले की चासी पिळवटते, त्यामुळे एक डावीकडे कलत असताना दुसरा उजवीकडे कलू शकतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर एखाद्या पिकअपच्या मागे राहून त्या दोघांमधली फट पाहावी, म्हणजे खात्री पटते. दोघांनाही जखडलेली होडी त्या ओढाताणीत सापडते आणि क्लॅम्प सैल होत जातात. तेव्हा दोन्ही कमानी हौद्यावरच उभ्या करायच्या आणि होडीचे नाक कॅबिनला न टेकता तिच्या वरून पुढे जाऊ द्यायचे, असे ठरले.

अॅल्युमिनियम हलके असते आणि गंजत नाही. पण ते मोडले तर आमच्या गावात जोडून देणारा कोणी नाही, म्हणून मी दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप घेतला. जोड नटबोल्टचे ठेवले, कारण केळीच्या हंगामात सगळे उतरवावे लागते. मागच्या दांडीवर फिरता रूळ बसवला, हा माझा सर्वांत शहाणपणाचा खर्च. सकाळी पंचवीस किलो कोणीही उचलतो. तीन तास वल्हवून आल्यावर खांदे नकार देतात. रुळावर एक टोक टेकवून मागून ढकलले की एका वेळी निम्मेच वजन अंगावर येते.

उघड्या दांड्या पाहून आत्या म्हणाली, "चुंबळीशिवाय कोणी हंडा उचलतं का रे?" बर्फाच्या मुलखात सीलच्या कातड्याची म्हणून जन्मलेली ही होडी आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मऊ पडते आणि दांडीच्या कडेने तिला कायमचा खळगा पडू शकतो, हे आत्याला कोणी सांगितले नव्हते. दांड्यांना फोम आणि त्यावर जुन्या गोधडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. त्याच कारणाने ट्रकचे रॅचेट पट्टे, म्हणजे दांड्याने खटखट आवळायचे पट्टे, टाळले. त्यांना जोर फार, आणि आवळणाऱ्याला होडीचे कण्हणे ऐकू येत नाही. हाताने ओढून बसणारे साधे बकलचे पट्टे पुरतात. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्याने तो भुंग्यासारखा घोंघावत नाही. पुढच्या टोकाचा दोर मात्र बंपरला बांधायचाच, कारण वेगात वारा नाकाखाली शिरून होडी उचलू पाहतो.

सध्या केळीची काढणी चालू आहे. कयाक निंबाच्या सावलीत आहेत आणि अंगणात बाजेसारख्या उभ्या राहिलेल्या सांगाड्यावर जुने लुगडे ताणून आत्याने ज्वारीचे बिबडे वाळत घातले आहेत.